लाल ठिपक्याचं झुरळ

देवाच्या या जगात आपण सगळेच भाडेकरू आहोत, असं छत्रीकाकांना मनापासून वाटे. देह भाड्याचा, श्वास भाड्याचा, मालक वर बसलेला. कीर्तनात हे विचार कानावर पडले की त्यांची मान आपोआप डोलू लागे, डोळे मिटत, आणि बायकोला कोपराने ढोसून त्यांना जागं करावं लागे. मालक वर आहे, याबद्दल त्यांची कधीच तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती घरमालकही वरच राहतो आणि तो कसलीच जबाबदारी घेत नाही, हे लक्षात आलं तेव्हा. सगळ्यात वरच्या मालकाचं निदान एक बरं असतं, तो समोरासमोर भांडत नाही.

छत्रीकाका बसच्या मोठ्या आगारात ‘हरवले-सापडले’ अशी पाटी असलेल्या खिडकीमागे बसत. लोक बसमध्ये काय काय विसरतात ते काकांना विचारावं. डबे, चष्मे, हातमोजे, एकदा तर एक आख्खी तबल्याची जोडी. पण सगळ्यात जास्त छत्र्या. खिडकीमागच्या खोलीत भिंतीपासून छतापर्यंत छत्र्याच छत्र्या टांगलेल्या, आणि त्यांच्याखाली काका, म्हणून ते छत्रीकाका. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं उपयोगी पडे.

काकांच्या कामाला शिस्त होती. जगातल्या प्रत्येक वस्तूला मालक असतो, हा त्यांचा पहिला सिद्धान्त. मालक सापडेपर्यंत वस्तूला धक्का लावायचा नाही, हा दुसरा. आणि ओळख पटल्याशिवाय वस्तू सख्ख्या भावालाही द्यायची नाही, हा तिसरा. त्यांनी सख्ख्या भावाला खरंच मफलर दिला नव्हता. तो भाऊ अजून बोलत नाही. वस्तूंना चिठ्ठ्या बांधाव्यात तर त्या गळून पडत, म्हणून काका प्रत्येक वस्तूवर कुठेतरी कोपऱ्यात नेलपॉलिशचा लाल ठिपका देत. ठिपका दिला की वस्तू त्यांच्या खात्याची झाली. नेलपॉलिशची ही बाटली काकूंची. म्हणजे एके काळी काकूंची होती.

तर असे हे काका एके सकाळी चहाला आधण ठेवायला गेले आणि ओट्यावरून एक झुरळ त्यांच्याकडे बघत बघत, घाई न करता, सिंकखाली गेलं. काका म्हणाले, “अरे!” त्यावर त्याच्यामागून आणखी दोन गेली. ‘अरे’ हे त्यांना बोलावणं वाटलं असावं.

याकडे काकांनी एरवी फार लक्ष दिलं नसतं. प्राणिमात्रांबद्दल त्यांच्या मनात दया होती, आणि झुरळांबद्दल थोडी भीतीही. पण नेमका त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला.

काकांची मुलगी उपाहारगृहांची स्वयंपाकघरं तपासणारी अधिकारी होती. तिने नुसतं दार ढकललं तरी आतले आचारी ताठ उभे राहत असं म्हणतात. नुकतीच तिला मुलगी झाली होती. काकांनी नातीला अजून प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. फोनवर दाखवत, पण फोनमध्ये ती एकतर झोपलेली असे किंवा रडत असे, आणि काकांचा चेहरा कोपऱ्यातल्या चौकोनात एवढासा दिसे. हातात घ्यायला मिळणं ही वेगळी गोष्ट आहे. काका दर शुक्रवारी नखं कापून तयार राहत होते.

“बाबा, आम्ही येतोय. पुढच्या महिन्यात. चांगल्या पंधरा दिवसांसाठी.”

काकांनी आधी आपली नखं पाहिली. 

“पण आधी खरं सांगा. मागच्या वेळी आई फोनवर एकदम किंचाळली होती. घरात झुरळं आहेत का?”

काका खोटं बोलत नसत. प्रयत्न केला तर चेहरा सांगून टाकी, आणि हा चेहरा त्या चौकोनात होता.

“तशी आहेत. मोजकी.”

“मोजलीत का?”

“अगं, थांबत नाहीत ती.”

“बाबा, बाळाचा कान केवढासा असतो माहितेय? रात्री त्यात काही गेलं म्हणजे? मी दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांना टाळं लावते आणि स्वतःच्या मुलीला झुरळात निजवू? हे बघा, घर साफ करून घ्या. मी आल्यावर एक जरी दिसलं ना, तर त्याच बसने परत. तिला फोनवरच बघत बसा.”

फोन बंद झाला. काकू म्हणाल्या, “तुमच्यावर गेलीये. शिस्त म्हणजे शिस्त.” काकांना यात अभिमान वाटावा की रडू यावं ते कळेना, म्हणून त्यांनी टोपलीतला कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी काका वर गेले. घरमालक हे निवृत्त दंतवैद्य. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली, पण समोरच्या माणसाशी बोलताना त्यांची नजर अजून डोळ्यांवर न राहता तोंडावर राही. एकटे राहत. गोल काठाची एक टोपी होती, ती घातल्याशिवाय ते जिन्यातसुद्धा उतरत नसत. काकांनी दार वाजवलं तेव्हाही त्यांनी आधी टोपी घातली, मग दार उघडलं, तेही टोपीपुरतंच.

“डॉक्टरसाहेब, एक छोटीशी गोष्ट होती.”

“दाढ का?”

“नाही. झुरळं.”

डॉक्टरांनी जरा नाराजीने मान हलवली. दाढ असती तर त्यांना बरं वाटलं असतं. “मी घर दिलं तेव्हा होती?”

“दिसली तरी नव्हती.”

“मग झालं. समजा, मी तुमच्या दातात सिमेंट भरून दिलं. दात चांगला झाला. पुढे तुम्ही मिठाया खाल्ल्या आणि तो किडला. आता कीड कोणाची? डॉक्टरची की दाताच्या मालकाची?”

काका विचारात पडले. कोणताही दाखला दिला की त्यावर मनापासून विचार करायचा, ही त्यांची जुनी सवय. “पण साहेब,” ते म्हणाले, “या दाताचे मालक तुम्हीच आहात. मी नुसता चावतोय.”

डॉक्टरांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, “रात्री ओट्यावर खरकटं ठेवता का?”

“नाही हो.”

“सगळे पेशंट असंच सांगत. दोनदा घासतो म्हणत. तोंड उघडलं की कळायचं.” दार आणखी बारीक झालं. “माझ्याकडे वर एकही झुरळ नाही. इमारत तीच, भिंती त्याच, पाइप तेच. मग तुमच्याकडेच का? याचा विचार करा.”

दाराच्या फटीतून उग्र असा काहीतरी वास येत होता. काकांनी नाक वर केलं तसे डॉक्टर घाईने म्हणाले, “दवाखान्याचं जंतुनाशक आहे. सवय जात नाही,” आणि दार लागलं. काकांनी त्या वासाला पुरेसं महत्त्व दिलं नाही. दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही-आम्ही आपापल्या कामाला लागलो असतो.

मग काकांनी स्वतःच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. म्हटलं, तत्त्व राहू दे, नात महत्त्वाची. तो आला, सिंकखाली बॅटरी मारली आणि भिंतीतून जिथे पाइप आत जातो त्या भोकावर येऊन थांबला. भिंतीमागे सगळ्या मजल्यांचे पाइप जातात ती अरुंद पोकळी होती. तिला डक्ट म्हणतात. डक्टचं दार जिन्यात होतं आणि त्याला कुलूप होतं.

“हे उघडावं लागेल. किल्ली?”

“मालकाकडे.”

“मग मालकाला उघडायला लावा.”

“ते म्हणतात, झुरळं माझी आहेत.”

“झुरळं तुमची असतील हो. डक्ट त्यांचं आहे. परक्याच्या डक्टमध्ये मी औषध मारत नाही. मागे एकदा मारलं तर तीन मजले माझ्या अंगावर धावून आले होते.” आणि तो बॅटरी विझवून निघून गेला.

त्यानंतर काका उपायमावशींच्या हाती सापडले. शेजारच्या या मावशींकडे मुंग्यांपासून मुलाच्या लग्नापर्यंत सगळ्यावर उपाय होते. स्वतःच्या घरी त्यांनी यातला एकही करून पाहिल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मावशींनी आधी काकडीची सालं ठेवायला सांगितली. झुरळांना वास सहन होत नाही म्हणे. सकाळी सालं नव्हती. मावशी म्हणाल्या, “बघा, संतापून घेऊन गेली.” मग कपाटांतून तमालपत्र पसरलं. घराला पुलावासारखा वास येऊ लागला आणि जिन्यातून जाणारे लोक दाराशी रेंगाळू लागले. मग विषाच्या खडूने जमिनीवर रेघा ओढल्या. ओट्याभोवती रेघ, कपाटाभोवती रेघ, पाळणा ठेवायच्या जागेभोवती तर दुहेरी. रेघा पुसू नयेत म्हणून काका घरात उड्या मारत हिंडू लागले. झुरळं मात्र रेघेवरून, लेंग्याच्या नाडीसारखी, सरळ चालत जात.

“रेघेवरून चालायला शिकली असतील,” मावशी म्हणाल्या.

“मग मरत का नाहीत?”

“ते तुम्ही त्यांना विचारा. मी उपाय सांगते, उलटतपासणी घेत नाही.”

शेवटी बोरिक पावडर, साखर आणि पिठाच्या गोळ्या झाल्या. याचा थोडा गुण आला. बुधवारी गोळ्या ठेवल्या की गुरुवारी झुरळं कमी. काका खूश. शनिवारीही ओटा रिकामाच. मात्र सोमवारी उजाडलं की ती पुन्हा हजर, आणि सोबत नवी मंडळी घेऊन. असं प्रत्येक आठवड्याला झालं. सोमवारच का, याचं कोडं काकांना उलगडेना. काकू म्हणाल्या, “सुट्टी संपवून कामावर येत असतील.”

आता येण्याचे दिवस जवळ आले होते. काकूंनी पाळण्याची चादर तिसऱ्यांदा धुतली. काकांनी मनाशी ठरवलं की याचा निकाल अधिकृतपणे लावायचा, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात गेले.

आयुष्यभर खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला खिडकीच्या बाहेर उभं राहणं फार जड जातं. वाकावं लागतं, आणि आतल्या माणसाची फक्त हनुवटी दिसते. काकांनी वाकून सगळी हकीकत सांगितली.

“सोपं आहे,” हनुवटी म्हणाली. “झुरळं भिंतीच्या आत राहत असतील तर इमारतीचा दोष. घरमालकाने बंदोबस्त करायचा. भिंतीच्या बाहेर, तुमच्या डब्याबाटल्यांत राहत असतील तर तुमच्या राहणीचा दोष. तुम्ही करायचा.”

“आणि आतबाहेर करत असतील तर?”

“तर दोघं मिळून या.”

“दोघं मिळून आलो असतो तर इथे कशाला आलो असतो, साहेब?”

 मग हनुवटी खाली झुकली आणि तिच्यावरचे डोळे काकांना दिसले. डोळे काकांना निरखत होते.

“तुम्ही आगारातले ना? छत्र्यांचे?”

“हो.”

“माझी छत्री तुम्ही मला दिली नव्हती. मी म्हणालो, काळी आहे, वाकड्या मुठीची. तुम्ही म्हणालात, सगळ्याच काळ्या असतात आणि सगळ्याच मुठी वाकड्या असतात, ओळख पटवा. तीन खेपा घातल्या मी. पावसात.” ते आता उभेच राहिले होते. “तर तुम्हीही ओळख पटवा. ही झुरळं भिंतीतली आहेत याचा पुरावा आणा. सगळीच काळी असतात.”

“तपकिरी,” काका पुटपुटले. वस्तूचं वर्णन चुकीचं झालेलं त्यांना सोसत नसे.

“पुढचा!” हनुवटी म्हणाली.

काका पायऱ्या उतरले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. अपमान झाला होता, आणि वाईट म्हणजे तो नियमानुसार झाला होता. त्याला तक्रारीसाठी जागाच नव्हती. ते तसेच घरी आले. पण चहा घेता घेता त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि तो असा उजळला की काकू घाबरतच. मागच्या खेपेला असाच उजळला होता तेव्हा घरात ती तबल्याची जोडी सांभाळायला आली होती.

“अगं, तुझं नेलपॉलिश कुठे?”

“तुमच्या ऑफिसात. कुठे म्हणजे काय? लग्न झाल्यापासून ते तिथेच आहे.”

“खिशात असेल मग.” आणि होतंच ते खिशात.

बेत असा होता. झुरळं पकडायची, पाठीवर ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायची. ठिपकेवाली झुरळं पाइपच्या भोकात शिरून भिंतीत गेली आणि पुन्हा तिथूनच आली, की सिद्ध झालं. साक्षीला उपायमावशी. जगात दुसऱ्या कोणाला झुरळाची मालकी ठरवण्यासाठी हा मार्ग सुचला नसता, आणि सुचला असता तरी त्याने तो केला नसता. पण काकांना यात विचित्र असं काहीच वाटलं नाही. सापडलेल्या वस्तूला खूण करायची. रोजचंच काम.

पेला उपडा घालून काकांनी चारपाच झुरळं धरली. काकूंनी डोळे मिटून कागद खाली सरकवला. काका श्वास रोखून, जीभ बाहेर काढून, एकेकाच्या पाठीवर नीट ठिपका देत होते. उपायमावशी दारातून म्हणाल्या, “वाळेपर्यंत फुंकर घाला.” काकांनी घातली. मग सगळी सोडली. ती भोकाकडे धावली, आत शिरली आणि दिसेनाशी झाली.

“आत गेली!” काका ओरडले. “भिंतीत राहतात! पाहिलंत ना मावशी?”

“पाहिलं. आता बाहेर यायची वाट बघा.”

वाट बघितली. एक दिवस गेला, दोन गेले. साधी झुरळं आली, ठिपक्याचं एकही नाही. काका सिंकखाली पोटावर पडून भोकात डोकावत होते तेव्हा दारावर टकटक झाली.

डॉक्टर होते. टोपी घातलेले. हातात कवळी ठेवायची पारदर्शक डबी. डबीत कवळी नव्हती.

“ही वस्तू तुमची आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

आता इतकी वर्षं ज्याने खिडकीमागे वस्तूंची मालकीच तपासली, त्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? काका अंगावरची धूळ झटकत उठले आणि सवयीने म्हणाले, “ओळखीची खूण?”

“पाठीवर लाल ठिपका.”

काकांनी डबी उजेडात धरली. ठिपका त्यांचाच होता. गोल, नीट, काठाला न ओघळलेला. खातं त्यांचं, खूण त्यांची. काकू मागून डोळ्यांनी नाही-नाही म्हणत होत्या. साक्षीला थांबलेल्या उपायमावशींनी तर दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काकांना एका क्षणासाठी नात दिसली, फोनमधल्या एवढ्याशा चौकोनात, आणि ती चौकोनातच राहणार हेही दिसलं. पण ओळख पटलेली वस्तू नाकारायची कशी, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

“आमचंच आहे,” काका म्हणाले.

“झालं तर मग. कीड कोणाची, ते ठरलं.”

“ठरलं,” काका मान खाली घालून म्हणाले. “आभारी आहे. सांभाळून आणलंत.”

डॉक्टर वळले. एवढ्यात काकू पुढे झाल्या. काकू एरवी भांडणात पडत नसत. पण पाळण्याची चादर त्यांनी तीनदा धुतली होती.

“डॉक्टरसाहेब, एक विचारू का? हे तुम्हाला कुठे सापडलं?”

“माझ्या ओट्यावर.”

“पण तुमच्याकडे वर झुरळं नाहीत ना?”

“नाहीत. हे एकच.”

“एकटंच आलं होतं?”

डॉक्टरांनी टोपी काढली. इतक्या वर्षांत काकांनी त्यांचं डोकं पहिल्यांदाच पाहिलं. मध्ये टक्कल होतं आणि कडेला केस, एखाद्या भित्र्या मुलासारखे उभे राहिलेले.

“नाही,” ते म्हणाले. “मित्रमंडळी होती.”

मग बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ज्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं त्या माणसाने सगळं सांगून टाकलं. झुरळं वर केव्हापासूनच होती. घर किडकं आहे म्हणून नाव झालं तर भाडेकरू जातील आणि खालचा मजला ओस पडेल, ही धास्ती. म्हणून दर रविवारी दारंखिडक्या लावून ते एकटेच फवारणी करत.

“रविवारी,” काकू सावकाश म्हणाल्या.

“हो. सोमवारी एकही दिसत नाही. पण गुरुवार आला की पुन्हा—”

“आम्ही बुधवारी गोळ्या ठेवतो,” काका म्हणाले.

 वर मारलं की खाली, खाली मारलं की वर. गेले कित्येक आठवडे दोन सज्जन माणसं एकमेकांकडे इमानेइतबारे पाहुणे पाठवत होती, आणि ते पाहुणे मधल्या डक्टमधून, दोन्हीकडचा पाहुणचार घेत, सुखाने ये-जा करत होते. उपायमावशी म्हणाल्या, “मी हेच सांगणार होते.” 

“साहेब,” काकू म्हणाल्या, “जबाबदारी कोणाची ते तुम्ही दोघं निवांत ठरवा, म्हातारपणात काहीतरी उद्योग हवाच. पण आमची नात यायचीये. यांनी तिला अजून हातातसुद्धा घेतलेलं नाही. आणि आमची मुलगी शब्दाची पक्की आहे. एक दिसलं तरी परत जाईल.”

डॉक्टर बराच वेळ टोपीचा काठ फिरवत राहिले. “दात आलेत का तिला?”

“अहो, दोन महिन्यांची आहे.”

“पहिला खालचा येतो. समोरचा. आला की मला दाखवाल?”

“तुम्हालाच दाखवू.”

डॉक्टर उठले. “डक्टची किल्ली देतो. वरखाली एकदम औषध मारू. पण घरमालकाची जबाबदारी म्हणून नव्हे हं.”

“मग कशी?” काकांनी विचारलं. काकूंनी त्यांना चिमटा काढला.

“वर राहणारा माणूस म्हणून.”

पेस्ट कंट्रोलवाल्याला पुन्हा बोलावलं. त्या आधी डॉक्टरांनी दोन्ही घरांतली पाइपांभोवतीची भोकं स्वतःच्या हाताने बुजवली. दवाखान्यातलं उरलेलं प्लास्टर होतं. ते छोट्या पात्याने भरताना त्यांचा चेहरा इतका शांत दिसत होता की काकांना तिथेच हात जोडावेसे वाटले. प्रत्येक भोक बुजवल्यावर डॉक्टर सिंकखालून म्हणत, “आता दोन तास काही खाऊ नका.”

औषध मारायचा दिवस काकांनी मुलगी यायच्या आदल्या दिवशीचा धरला. म्हणजे संध्याकाळी घर उघडायचं, पुसायचं, आणि दुसऱ्या दिवशी ती आली की सगळं स्वच्छ. दिवसभर घराबाहेर राहायचं होतं. काकांना तर कामावर जायचंच होतं. काकूही डबे घेऊन निघाल्या. आणि जिन्यात डॉक्टर, टोपी घालून, हातात जुनी अवजारांची चामडी बॅग घेऊन उभे. औषधाच्या वासात अवजारं खराब होतील म्हणाले. कुठे जाणार, असं काकूंनी विचारलं तेव्हा त्यांनी “बघतो” म्हटलं. जाऊन बघावं असं त्यांचं कोणी नव्हतं, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

अशा रीतीने ‘हरवले-सापडले’च्या खोलीत, टांगलेल्या छत्र्यांखाली, घरमालक, भाडेकरू आणि भाडेकरूची बायको दिवसभर एका बाकावर बसून राहिली. येणारे-जाणारे खिडकीतून बघत आणि यांना कोण न्यायला येणार आहे, असा चेहरा करत. डॉक्टरांनी एका बाईच्या हरवलेल्या कवळीची ओळख नुसती बघून पटवली. काकांना ते नियमात बसत नाही असं वाटलं, पण कवळी बाईंना बरोबर बसली. मग मोठ्या आनंदात तिघांनी डबे उघडले.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली आणि ओळखीचा आवाज आला, “बाबा!”

मुलगी होती. खांद्यावर पिशवी, कपाळावर घाम आणि छातीशी एक गाठोडं. “एक दिवस आधीच सुट्टी मिळाली. म्हटलं लहानपणी येत होते तसं आधी तुमच्या खिडकीवरच जावं. आई, तू इथे कशी? आणि हे कोण?”

“घरमालक,” काकू म्हणाल्या. “अगं, घराला औषध मारलंय. संध्याकाळपर्यंत उघडेल.”

“सगळं साफ झालंय ना नक्की? बाबा, माझ्याकडे बघून सांगा.”

काका तिच्याकडे बघत नव्हते. ते गाठोड्याकडे बघत होते. आणि मुलीने, त्यांचा चेहरा पाहून, पुढे काही विचारलं नाही. तिने खिडकीतून गाठोडं आत सरकवलं. आयुष्यात पहिल्यांदाच काकांनी त्या खिडकीतून आलेलं काही ओळखीची खूण न विचारता घेतलं. ते ऊन होतं, जड होतं आणि जागं होतं. रडत नव्हतं. वर छत्र्यांकडे बघत होतं. काकांनी मनातल्या मनात वरच्या मालकाचे आभार मानले, आणि भाडं किती चढलंय याचा हिशेब मात्र काढला नाही.

याच वेळी डॉक्टरांच्या चामड्याच्या बॅगेच्या तोंडातून एक झुरळ बाहेर आलं.

सावकाश. घाई न करता. बॅगेवरून बाकावर आणि बाकावरून खिडकीच्या फळीवर, थेट मुलीच्या कोपरासमोर. पाठीवर लाल ठिपका. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. काकांनी पाहिलं, पण दोन्ही हात नातीने अडकवलेले. बाहेर आगारात, मुलगी ज्या बसने आली ती बस परतीसाठी वळत होती. मुलगी पिशवीचा पट्टा सोडवत होती. आणखी एका क्षणात तिची मान वर होणार होती.

डॉक्टरांनी टोपी काढली आणि फळीवर ठेवली. उगाच ठेवावी तशी. मग तिच्यावर हात ठेवून बसले.

मुलीने मान वर केली. स्वयंपाकघरं तपासून तयार झालेली नजर ती. टोपीवर थांबली. टोपी किंचित हलली.

“टोपीखाली काय आहे?”

 खिडकीमागे कसलीही वस्तू असो, कोणाची, हा प्रश्न विचारणारा माणूस आज गप्प होता. त्याच्या कुशीत नातीने त्याचं बोट धरलं होतं. ठिपका त्याचा होता, बॅग डॉक्टरांची होती. महिनाभर ज्यासाठी भांडण झालं, ते आता एका टोपीखाली आलं होतं.

“ते ना?” डॉक्टर म्हणाले. टोपीवरचा हात त्यांनी जरा घट्ट केला. “ते माझं आहे.”

मुलीने काही वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग टोपीवरून नजर काढून ती आईला म्हणाली, “आई, डब्यात काय आहे? फार भूक लागलीये.”

बस सुटली. डॉक्टर संध्याकाळपर्यंत टोपीवर हात ठेवून बसले होते. काकांनी दुपारचा चहा त्यांना डाव्या हातात दिला.